विश्लेषण : रक्त पाच आजारांसाठी तपासतो, दात्याला नंतर आलेला ताप कोण विचारतो?

पावसाळ्याचा उत्तरार्ध आला की रावेर तालुक्यात दोन गोष्टी एकदमच वाढतात. घराघरांत तापाचे रुग्ण आणि गावोगाव रक्तदान शिबिरे. १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, नवरात्र, २ ऑक्टोबर, मधेच एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. मंडळांची मुले रांगेत उभी राहून रक्त देतात आणि त्या रक्तावर कुणाचे तरी बाळंतपण निभावते, कुणाचे तरी ऑपरेशन होते. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या डासांचा जोरही याच महिन्यांत असतो.

मग प्रश्न असा, की डासाने दात्याच्या अंगात सोडलेला विषाणू रक्तपिशवीतून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो का? उत्तर आहे, हो. असे क्वचित नोंदले गेले आहे, पण नोंदले गेले आहे. आणि हा धोका कमी करण्याची पहिली पायरी महागडे यंत्र नसून रक्तदानानंतर तिसऱ्या दिवशी दात्याला केलेला एक फोन आहे, असे माझे मत आहे. ते का, हे समजून घेऊ.

सध्या रक्ताची कोणती तपासणी होते?

भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि हिवताप. यातला हिवताप डासांमुळेच होतो. मात्र तो परजीवीमुळे होतो, विषाणूमुळे नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे डासांमार्फत पसरणारे विषाणू या यादीत नाहीत.

म्हणजे या तिन्ही आजारांपासून रुग्णाचा बचाव सध्या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. रक्तदानापूर्वी दात्याला विचारलेले प्रश्न. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०१७ मध्ये दात्यांच्या निवडीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार डेंग्यू किंवा चिकुनगुनिया झालेल्याने पूर्ण बरे झाल्यावर ६ महिने रक्त देऊ नये. झिका झालेल्यासाठी ही मुदत ४ महिने आणि हिवतापासाठी ३ महिने आहे.

याच सूचनांत आणखी एक नियम आहे. डेंग्यूचा प्रादुर्भाव असलेल्या भागात जाऊन आलेल्या व्यक्तीने ताप आला नसला तरी ४ आठवडे थांबावे. दिल्लीच्या टेबलावर हा नियम बरोबर दिसतो. रावेरमध्ये त्याचे काय करायचे? इथला दाता डेंग्यूच्या भागात 'जाऊन आलेला' नसतो, तो तिथेच राहतो. नियम शब्दशः लावला तर पावसाळ्यात तालुक्यात एकही शिबिर होणार नाही आणि रक्ताअभावी माणसे दगावतील. म्हणून तो कुणी लावत नाही आणि त्याच्या जागी दुसरेही काही केले जात नाही. अडचण नेमकी इथे आहे.

ताप नसलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू कसा?

डेंग्यूचा विषाणू ताप येण्याच्या साधारण एक-दोन दिवस आधीपासूनच रक्तात फिरू लागतो. ताप आल्यावरही चार-पाच दिवस तो रक्तात राहतो. म्हणजे आज ठणठणीत दिसणारा, शिबिरात तापमान, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे बरोबर आलेला तरुण उद्या संध्याकाळी फणफणू शकतो. त्याने काही लपवलेले नसते. त्याला स्वतःलाच माहीत नसते.

त्याहून अवघड गट म्हणजे कधीच ताप न येणारे. डेंग्यूची लागण झालेल्या दर चार जणांपैकी साधारण तिघांना लक्षात येण्याजोगा त्रास होत नाही. झिकाचेही तसेच आहे. चिकुनगुनियात मात्र बहुतेकांना ताप आणि सांधेदुखी जाणवते.

एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तीन घटक वेगळे केले जातात. म्हणजे एका दात्याचे रक्त तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकते.

रक्तातून लागण झाल्याचा पुरावा काय?

सिंगापूरमध्ये २००७ साली नेमके असेच घडले. नियमित रक्त देणाऱ्या एका दात्याला रक्तदानाच्या दुसऱ्या दिवशी ताप आला. त्याच्या रक्ताचे घटक तोवर तीन रुग्णांना दिले गेले होते. दोघांना डेंग्यूचा ताप आला. तिसऱ्याला लक्षणे दिसली नाहीत, पण तपासणीत लागण झाल्याचे कळले.

फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिकाची साथ होती. तिथे कोणतेही लक्षण नसलेल्या १,५०५ रक्तदात्यांची तपासणी केली, तेव्हा ४२ जणांच्या रक्तात झिकाचा विषाणू सापडला. शंभरात जवळपास तीन.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये चिकुनगुनियाने सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठले. जानेवारी २००६ मध्ये तिथे स्थानिक रक्तसंकलन थांबवावे लागले आणि तांबड्या पेशी थेट फ्रान्सहून विमानाने आणाव्या लागल्या. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्या बाहेरून आणणे जमेना. म्हणून त्या बेटावरच गोळा करून विषाणू निष्प्रभ करणाऱ्या प्रक्रियेतून काढल्या गेल्या.

अमेरिकेत २००२ मध्ये रक्तातून २३ रुग्णांना वेस्ट नाइल विषाणूची लागण झाल्याचे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी तिथे दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली.

आपल्याकडे हे विषाणू नवे नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुनियाची साथ येऊन गेली. २००६ मध्ये तो परतला, तेव्हा देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. त्या महिलेला चिकुनगुनियाही होता. २०२४ मध्ये पुणे शहरात झिका पसरला आणि बाधितांत गर्भवतींची संख्या मोठी होती. डेंग्यूचे तर दरवर्षीचेच आहे. २०२३ मध्ये देशात सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची नोंद झाली.

मग आपल्याकडे अशा घटना ऐकू का येत नाहीत?

कारण त्या ओळखण्याची सोय नाही. समजा, सप्टेंबरमध्ये एका बाळंतिणीला रक्त दिले आणि सहाव्या दिवशी तिला डेंग्यूचा ताप आला. घरचे म्हणतील, वॉर्डात डास होते. डॉक्टरही तेच म्हणतील आणि बहुतेक वेळा ते खरेच असेल. सिंगापूरमध्ये दात्याच्या तापावरून उलटा माग काढला म्हणून गोष्ट उघड झाली. जिथे वर्षातले चार महिने डेंग्यू घरोघरी असतो, तिथे असा माग कुणी काढत नाही.

रक्त दिल्यानंतर रुग्णावर झालेले दुष्परिणाम नोंदवण्यासाठी देशात २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण त्यात नोंद व्हायची तर आधी कुणाला तरी शंका यायला हवी. तापाच्या हंगामात तापाची शंका कुणालाच येत नाही.

रावेरमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार का?

पहिले कारण पाणी. नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवलेले असतात. खान्देशचा उन्हाळा कडक, त्यामुळे कूलर आहेत आणि हंगाम संपल्यावर त्यातले पाणी तसेच राहते. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि घराच्या आसपासच राहतो.

दुसरे कारण यातूनच येते आणि ते फारसे बोलले जात नाही. घरात डेंग्यूचा रुग्ण असला, प्लेटलेट उतरल्या, की रक्त द्यायला कोण धावते? भाऊ, पुतण्या, शेजारी. म्हणजे ज्या घरात, ज्या गल्लीत तो डास आहे, तिथलीच माणसे. मदतीची भावना मोठी आहे यात वाद नाही. पण विषाणू अंगात असूनही ताप न आलेला माणूस सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त याच गटात असते.

तिसरे कारण अंगावर ताप काढण्याची सवय. केळीच्या बागेत घड कापणीचे दिवस असले की मजूर कणकणीला जुमानत नाही. मेडिकलमधून गोळी घेतो आणि कामावर जातो. गोळीने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. शिबिरात 'ताप आहे का?' असे विचारले की तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. 'गेल्या आठ-पंधरा दिवसांत अंग मोडून आले होते का? कणकण वाटली का? गोळी घेतली का? घरात, गल्लीत कुणाला डेंग्यू झाला का?' असे विचारले तर उत्तर वेगळे येईल. तालुक्यात कुणी लेवा बोली बोलतो, कुणी तडवी, कुणी पावरी, सीमेवरच्या गावांत हिंदी. छापील मराठी फॉर्मवर घाईत केलेल्या खुणा म्हणजे विचारपूस नव्हे.

चौथे कारण रक्त घेणारा रुग्ण कोण आहे हे. पालसारख्या सातपुड्यातल्या गावांपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी काहींना पुन्हा पुन्हा रक्त लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर ते नियमित लागते. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या, रक्तक्षय असलेल्या बायका आहेत. ज्यांची ताकद आधीच कमी, त्यांच्यावरच हा धोका पडतो.

मग प्रत्येक पिशवीची डेंग्यू चाचणी का नको?

ही मागणी पहिल्यांदा ऐकताना पटते. तरीही आज ती सरसकट करू नये, याला तीन कारणे आहेत.

एक, कोणती चाचणी? दवाखान्यात तापाच्या रुग्णासाठी वापरतात ती डेंग्यूची एनएस-१ चाचणी आजारी माणसासाठी आहे. लक्षणे नसलेल्या दात्याच्या रक्तात विषाणू कमी असेल तर ती चुकू शकते. खात्रीची चाचणी म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी, नॅट नावाने ओळखली जाणारी. तिला यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि मोठा खर्च लागतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिससाठीसुद्धा नॅट देशात सर्वत्र नाही. ती आधी यायला हवी.

दोन, फायदा किती? ब्राझीलमध्ये २०१२ च्या साथीत रिओ आणि रेसिफे इथे दर हजार दात्यांमागे साधारण ५ ते ८ जणांच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू आढळला. ज्यांना असे रक्त मिळाले आणि ज्यांना लागण होऊ शकत होती, त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त रुग्णांना ती झाली. पण इतर रुग्णांच्या तुलनेत ते ठळकपणे जास्त आजारी पडल्याचे दिसले नाही. अभ्यासातले रुग्ण थोडे होते, म्हणून यावरून निश्चिंत होता येत नाही. मात्र सगळा पैसा इथे ओतावा इतका भक्कम आधारही मिळत नाही.

तीन, चुकीच्या 'पॉझिटिव्ह' निकालांमुळे चांगले रक्त फेकले जाईल. रक्त न मिळाल्याने जीव जातो, हा धोका आजचा आणि रोजचा आहे.

झिकाची गोष्ट थोडी वेगळी, कारण गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्याने खुंटू शकते. प्युर्टो रिको बेटावर २०१६ मध्ये झिका पसरला तेव्हा चाचणी हाती येईपर्यंत काही आठवडे रक्त अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आणले गेले. अमेरिकेनेही २०१६ मध्ये सर्व पिशव्यांची झिका चाचणी सुरू केली आणि धोका ओसरल्यावर २०२१ मध्ये ती बंद केली. यातून घेण्यासारखे हेच, की चाचणी साथीनुसार सुरू करता येते आणि बंदही करता येते.

तर मग करायचे काय?

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे, परत फोन. जुलै ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक दात्याला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रक्तपेढीने विचारावे, 'दादा, ताई, ताप आला का?' शंभर दात्यांचे शिबिर असेल तर एका फेरीत शंभर फोन. प्रत्येकी एक मिनिट धरले तरी दोन तासांच्या आतले काम. मंडळाचे दोन कार्यकर्ते रक्तपेढीच्या देखरेखीखाली हे करू शकतात. ताप आल्याचे कळले की त्या दात्याच्या न वापरलेल्या पिशव्या लगेच बाजूला काढाव्यात आणि वापरलेल्या असतील तर रुग्णाच्या डॉक्टरांना कळवावे. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्या फ्रिजमध्येच सापडण्याची शक्यता चांगली असते.

दुसरे, दोन वह्यांची गाठ. कोणत्या गावात तापाचे रुग्ण वाढले, कुठे कंटेनर सर्वेक्षणात अळ्या सापडल्या, कुठे धूरफवारणी केली, हे तालुका आरोग्य कार्यालयाला माहीत असते. कोणत्या गावात पुढच्या रविवारी शिबिर आहे, हे रक्तपेढीला माहीत असते. ही माहिती एकमेकांकडे गेली पाहिजे. साथ असलेल्या गावातले शिबिर चार-सहा आठवडे पुढे ढकलावे आणि त्याऐवजी साथ नसलेल्या गावात घ्यावे. ही माहिती सीमेपलीकडे बऱ्हाणपूरलाही द्यावी, कारण डास आणि नातेवाईक दोघेही राज्याची हद्द मानत नाहीत.

तिसरे, शिबिरांचे वेळापत्रक. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, ६ डिसेंबर, २६ जानेवारी. डासांचा जोर कमी असलेल्या या दिवसांत शिबिरे वाढवता येतील. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकत असल्याने हा साठा पुढच्या साथीच्या महिन्यांपर्यंत मात्र पुरणार नाही. प्लेटलेट तर पाच दिवसच टिकतात, त्यामुळे हंगामातही दाते लागतीलच. त्यासाठी साथ नसलेल्या गावांतल्या नियमित दात्यांची यादी तयार ठेवावी.

चौथे, राखीव तपासलेले रक्त. साथ जाहीर झालेल्या काळात गर्भवती, नवजात बाळे, सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण यांच्यासाठी मोजक्या पिशव्यांची जनुकीय चाचणी जिल्हा किंवा विभाग पातळीवर व्हावी. सगळ्यांची करणे परवडत नाही म्हणून कुणाचीच करायची नाही, हे बरोबर नाही. हे काम राज्य रक्त संक्रमण परिषदेने हाती घ्यावे.

पाचवे, नको तिथे प्लेटलेट नको. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत प्लेटलेट १० हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा त्या चढवण्याची गरज नसते. ५० हजारांचा रिपोर्ट पाहून नातेवाईक घाबरतात, डॉक्टरांवर दबाव आणतात आणि पिशवी चढते. प्रत्येक अनावश्यक पिशवी हा अनावश्यक धोका आहे.

फोनने सगळे सुटेल का?

नाही. ज्यांना तापच येत नाही, ते फोनवरही 'मी बरा आहे' असेच सांगतील. प्लेटलेट तर तिसऱ्या दिवसाआधीच वापरल्या गेलेल्या असू शकतात. रक्तपेढीत माणसे कमी आहेत, ही तक्रारही खरी आहे.

तरीही फोनच पहिला, कारण तो एका विषाणूपुरता नाही. डेंग्यू असो, चिकुनगुनिया असो, झिका असो किंवा उद्या येणारा, ज्याची चाचणीच अजून निघालेली नाही असा एखादा आजार असो, 'ताप आला का?' हा प्रश्न सगळ्यांना लागू पडतो. शिवाय त्यातून आकडे तयार होतात. दोन हंगाम असे फोन केले तर जळगाव जिल्ह्यात किती दात्यांना रक्तदानानंतर ताप येतो हे कळेल. यंत्रावर खर्च करावा की नाही, हा निर्णय मग अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

आपल्याकडे रक्ताचे नियम बहुतेक वेळा आघात झाल्यावर बदलले. एचआयव्हीची भीती पसरल्यावर १९८९ मध्ये त्याची तपासणी सक्तीची झाली. पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. याच निकालातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या. या वेळी एखाद्या घरावर संकट येण्याची वाट पाहायची गरज नाही.

वाचकांनी काय करावे?

रक्तदान थांबवू नका. सुई प्रत्येकासाठी नवी आणि निर्जंतुक असते, त्यामुळे रक्त दिल्याने दात्याला डेंग्यू होत नाही. मात्र गेल्या दोन आठवड्यांत कणकण आली असेल, गोळी घेतली असेल किंवा घरात डेंग्यूचा रुग्ण असेल, तर शिबिरात ते आपणहून सांगा. 'या वेळी नको' असे सांगितले तर त्यात कमीपणा नाही. रक्त दिल्यावर मिळालेल्या कार्डावरचा रक्तपेढीचा क्रमांक मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांच्या बरोबरीने तिथेही कळवा.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी यंदा रक्तपेढीला एकच प्रश्न विचारावा. 'आमच्या दात्यांना तिसऱ्या दिवशी फोन कोण करणार?' उत्तर मिळाले नाही, तर ते काम आपल्याकडे मागून घ्यावे. पिशव्यांचा आकडा बॅनरवर छापला जातो. किती दात्यांना परत फोन केला, हा आकडाही त्याच बॅनरवर यायला हवा.